जेफरसनची पंगत

आमच्या घरात अमेरिकेचा इतिहास शिरला तो माझ्यामुळे, असं बाबा आल्यागेल्याला अजून सांगतात, आणि ते खोटं नाही. बाबांची कंपनी जहाजांची. ऑफिस सिंगापूरच्या बंदराला लागून, ज्या भागाला आता हार्बरफ्रंट म्हणतात आणि जिथे लोक बोटी बघायला नाही तर खरेदीला जातात. कंपनीच्या कृपेने आम्हाला बुकित तिमाहला कॉन्डोमध्ये फ्लॅट होता आणि मला अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा होती. पुण्याहून आले तेव्हा माझ्या डोक्यात पेशवाई गच्च भरलेली, आणि इथे पहिल्याच तासाला वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन. आमच्या इतिहासाच्या बाई, मिसेस डॉसन, या मंडळींबद्दल अशा बोलायच्या की जणू ते त्यांच्या सासरचे लोक आहेत. कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, कोणी कोणाविरुद्ध वर्तमानपत्रात काय छापवून आणलं, कोणी कोणाला गोळी घातली. मला ते फार आवडायचं, कारण अशी माणसं मी घरी रोज बघत होते.

घरी मंडळ होतं. आमच्या टोकाला तेव्हा मराठी घरं मोजकी, तरी त्यांचे दोन तट. गणपतीची आरती ठरल्या वेळेला सुरू करायची की सगळे आल्यावर, या मुद्द्यावर बाबा आणि त्यांचे मित्र लिमये काका आधीच्या गटातून बाहेर पडले आणि आपल्यासारख्या वक्तशीर लोकांना घेऊन त्यांनी नवं मंडळ काढलं. आपली माणसं परदेशात गेली की आधी तांदूळ शोधतात, मग नारळ, आणि मग फुटायला कारण. बाबा त्याला आमचं स्वातंत्र्ययुद्ध म्हणायचे. नव्या मंडळाच्या पहिल्या आरतीला सगळे उशिरा आले, पण तो विषय कोणी काढला नाही.

लिमये काका रॅफल्स प्लेसला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. उंच, गोरे, इस्त्रीचा शर्ट रविवारीसुद्धा. त्यांचा आवाज गोड होता आणि संगीत नाटक हे त्यांचं वेड होतं. बोलता बोलता पद म्हणायला लागायचे आणि समोरच्याने वाहवा करेपर्यंत थांबायचे नाहीत. बाबा बुटके, गरम डोक्याचे, आणि गाण्यातलं त्यांना ओ का ठो कळत नसे. दोघांची मैत्री होती की चढाओढ, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट सांगता येणार नाही. एकाने काही केलं की दुसऱ्याला झोप यायची नाही, एवढं खरं.

मंडळ झालं म्हणजे घटना हवी. ती आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिली गेली. कित्येक रविवार दोघं समोरासमोर बसायचे, मधे कागद, बाजूला पोहे नाहीतर साबुदाणा वडे. स्वयंपाकघरात आईच्या कुकरच्या शिट्ट्या, खालच्या पोहण्याच्या तलावातून पोरांचा आरडाओरडा, शेजारच्या चिनी आजीच्या घरून माहजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट. त्या सगळ्यात बाबा एकेक कलम वाचून दाखवायचे. अध्यक्ष सलग दोनदाच होता येईल. कोणताही कार्यक्रम बहुमताशिवाय होणार नाही. आणि मग ते कलम, जे दोघांनाही भारी सुचल्यासारखं वाटलं होतं: एका घराला एक मत, आणि ते मत कुटुंबप्रमुखाचं. कुटुंबप्रमुख कोण, तर ज्याच्या पासपोर्टात एम्प्लॉयमेंट पास आहे तो. बायका सगळ्या डिपेंडंट पासवर. नवऱ्याची नोकरी आहे तोवर राहायची परवानगी, असा तो पास. इथल्या सरकारला निदान व्हिसा द्यायचा होता. आमच्या या दोन शहाण्यांना फक्त गणपती बसवायचा होता, तरी सरकारी शिक्क्यापुढे त्यांची मान आपोआप लवली.

"बायकांनाही मत दिलं तर एकेका घरात दोन पक्ष होतील, आपटे," लिमये काका म्हणाले होते. "जेवायचे वांधे."

आई वडे घेऊन आली होती. तिने बशी ठेवली आणि आत गेली.

मी शाळेत तेच शिकत होते. सगळी माणसं समान आहेत असं ज्याने लिहिलं त्या जेफरसनच्या घरी गुलाम होते. नवं राज्य उभं राहिलं तेव्हा मत कोणाला, तर बहुतेक ठिकाणी जमीनजुमला असलेल्या गोऱ्या पुरुषांना. त्यांतल्या एकाच्या बायकोने, ॲडम्सच्या बायकोने, नवऱ्याला कळवलं होतं की बाबा रे, कायदे करताय तर आम्हा बायकांचाही विचार करा. हे मी घरी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"मग तो काय म्हणाला?" तिने विचारलं.

"हसण्यावारी नेलं."

"हं," आई म्हणाली, आणि सोललेल्या शेंगा परत एकदा निवडायला लागली.

आईबद्दल सांगायला हवं. ती पुण्यात एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. कडक होती. मुली तिला घाबरायच्या आणि लग्नाची पत्रिका द्यायला घरी यायच्या. सिंगापूरला यायचं ठरलं तेव्हा तिने राजीनामा दिला आणि इथे येऊन एकदम तिला काही कामच उरलं नाही. कामं होती हो, ढीगभर, पण त्यांना कोणी काम म्हणत नव्हतं. टेक्का मार्केटमधून अळू, कढीपत्ता, ओलं खोबरं आणायचं, डबे, इस्त्री, मंडळाच्या दीडशे मोदकांच्या उकडी. सासरी नव्हती इतकी ती इथे सून झाली. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे रेवा. माझी ही धाकटी बहीण पाच वर्षांची होती, इथल्या बालवाडीत जायची, आणि घरी येऊन मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची. आई म्हणायची, "रेवा, पानावर बस." रेवा इथल्या पोरांच्या ढंगात म्हणायची, "डोन्ट वाँट लाह." बाबांना त्याचं कौतुक. पाहुण्यांसमोर ते मुद्दाम तिला बोलायला लावायचे. आई हसायची नाही.

म्हणून आईने शाळा काढायची ठरवली. शनिवारी सकाळी, मराठीची, मुलांसाठी. तिने घरोघरी फोन केले. बायका हरखल्या, कारण प्रत्येक घरात एकेक रेवा होती. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिने अक्षरं रंगवली, ग गडूचा कोणाला कळणार म्हणून ग गणपतीचा केला, ड ला इथलं ड्युरियनचं फळ काढलं. मी तिला इतक्या आनंदात त्या फ्लॅटमध्ये कधी पाहिलं नव्हतं. रात्रीचा स्वयंपाक करताना ती धडे म्हणायची. जागाही होती. कॉन्डोच्या खाली फंक्शन रूम मंडळाच्या नावाने शनिवारी सकाळी मिळायची. पण त्याच शनिवारी सकाळी लिमये काकांना त्यांच्या संगीत नाटकाच्या तालमी करायच्या होत्या, गणपतीसाठी. दुसरी जागा नव्हती, दुसरी वेळ नव्हती. त्यामुळे घटनेप्रमाणे मतदान. घरं जवळपास सारखी विभागलेली. बाबा अध्यक्ष, आणि त्यांच्या मागे जाणारी तीन-चार घरं होती, ती जिकडे जातील तिकडे पारडं झुकणार होतं. आईला काळजी नव्हती. नवरा आपला होता ना.

त्याच सुमाराला मिसेस डॉसननी आम्हाला त्या जेवणाची गोष्ट सांगितली. हॅमिल्टनला सगळ्या राज्यांची युद्धातली कर्जं नव्या सरकारने आपल्या डोक्यावर घ्यायला हवी होती. दक्षिणेकडची मंडळी अडून बसली होती. राजधानी कुठे करायची यावरही असंच घोडं अडलेलं. तेव्हा जेफरसनने हॅमिल्टनला आणि आपल्या बाजूच्या मॅडिसनला घरी जेवायला बोलावलं. जेवणं झाली, वाइन झाली, आणि उठेपर्यंत सौदा झालेला. कर्जाला आडवं यायचं नाही, त्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे. देशाच्या दोन मोठ्या प्रश्नांचा निकाल तीन माणसांच्या पोटात लागला. मी ही गोष्ट घरी जेवताना तिखटमीठ लावून सांगितली. बाबा भात कालवायचे थांबले.

"बघ," ते म्हणाले, "मोठी माणसं अशी असतात. सभेत भांडायचं, घरी मिटवायचं."

"स्वयंपाक कोणी केला होता?" आईने विचारलं.

बाबा म्हणाले, याचा इथे काय संबंध. मी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून आले. जेफरसनने आपल्या एका गुलामाला पॅरिसला नेऊन तिकडचा स्वयंपाक शिकवून आणला होता, त्यानेच केला असणार, असं त्या म्हणाल्या. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. तिला बहुतेक उत्तर माहीत होतं.

आता दुसरी गोष्ट. बाबांची अध्यक्षपदाची दोन वर्षं संपत आली होती. दोनदा निवडून आले होते, आता घटनेप्रमाणे उतरायचं. मी त्यांना वॉशिंग्टनचं सांगितलं होतं, की तो दोनदा झाला आणि लोक राहा म्हणत असताना आपण होऊन घरी गेला. "त्याची शेती होती घरी," बाबा म्हणाले. "मला काय आहे?" मी हसले, मला तो विनोद वाटला. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाले आहे, आणि मला दिसतं की तो माणूस खरंच सांगत होता. ऑफिसात त्यांच्यावर दोन साहेब होते आणि ते दोघंही त्यांचं आडनाव चुकीचं उच्चारायचे. गणपतीच्या दिवसांत तेवढं त्यांना कोणीतरी विचारायचं. दया येते मला. पण रागही तितकाच येतो, आणि दयेने तो कमी होत नाही.

एक दिवस ते ऑफिसातून लवकर आले आणि आईला म्हणाले, "रविवारी लिमयेला जेवायला बोलावतो. शाळेचं एकदाचं मार्गी लावून टाकू."

आईने तो स्वयंपाक जीव ओतून केला. शनिवारी बसने टेक्काला जाऊन अळू आणलं, चक्का रात्रभर टांगला, मसालेभाताचा मसाला घरी भाजला. खमंग वासाने शेजारच्या आजी दार उघडून बघून गेल्या. आईने रेवाला फ्रॉक घातला आणि तिच्याकडून एक छोटी कविता घोकून घेतली, लिमये काकांना म्हणून दाखवायला. त्यांचं मन वळवायचं होतं ना. रेवाने ती म्हटलीही, मधेच दोन ओळी गाळून. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच स्वतः एक पद म्हटलं.

वाढायला मी होते. पहिला भात झाला, अळू झालं, मसालेभात आला. गोष्टी पुण्याच्या, हवेच्या, ऑफिसच्या. मग बाबांनीच विषय काढला. "आमची अनू सांगत होती, लिमये, अमेरिकेत त्यांचं सगळं असंच जेवणावर ठरलं. जेफरसनच्या घरी." आणि माझीच गोष्ट त्यांनी माझ्यासमोर काकांना सांगितली, थोडी चुकवून. काका ऐकत होते. बँकेतला माणूस, त्याला कुठे काय मांडलंय ते लगेच कळतं.

"मग काय म्हणतोस तू?" काका म्हणाले.

"मी म्हणतो, दोनदाच अध्यक्ष हे कलम जरा घाईत लिहिलं गेलं आपलं."

"बदलता येईल की. माझी घरं माझ्यामागे येतील." काकांनी पुरी मोडली. "आणि तालमी?"

"घे तू शनिवार," बाबा म्हणाले.

इतकं साधं. आवाज चढवला नाही, कुजबूज नाही, मीठ मागावं तसं. मी श्रीखंडाचं पातेलं हातात घेऊन उभी होते. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आणि शाळा?" ती म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं नाही. "पुढच्या वर्षी बघू ना. मुलं कुठे पळून चाललीत?"

"वहिनी," लिमये काका म्हणाले, "श्रीखंड मात्र अप्रतिम झालंय हं. चक्का घरचा ना?"

तिच्या तोंडाला अशी पानं पुसली गेली, तिच्याच घरात, तिच्याच पंगतीत. मला वाटलं ती आता माझ्या हातातलं पातेलं घेऊन आपटेल. मी वाट बघत होते, खरं सांगते, मला ते हवं होतं. तिने माझ्या हातातून डाव घेतला आणि काकांना आणखी वाढलं. बाबांनाही वाढलं. मग म्हणाली, "सावकाश होऊ द्या," आणि आत गेली.

मतदान पुढच्या आठवड्यात, त्याच फंक्शन रूममध्ये. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे चहाच्या टेबलापाशी. आधी कलम बदललं गेलं, भराभर हात वर झाले. मग शनिवार तालमींना द्यावा असा ठराव आला आणि बाबांनी सगळ्यांत आधी हात वर केला. त्यांची घरं त्यांच्यामागून. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा तीन-चार पुरुषांचे हात आले, आणि मागून आईचा. सरळ, कोपर न वाकवता, वर्गात बोट वर करायला शिकवायची तसा. तिने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. ज्यांनी फोनवर तिला मुलांची नावं दिली होती, त्याच सगळ्या. लिमये काकूंनी आधी मान खाली घातली, मग इतरांनी. एक जण कप गोळा करायला लागली.

"वहिनी, तुमच्या घराचं मत झालंय," लिमये काका हसत म्हणाले. कोणीतरी हसलं. बाबाही हसले.

आईने हात खाली घेतला नाही. ठराव मंजूर झाल्याचं जाहीर झालं, टाळ्या झाल्या, तोवर तो तसाच होता. मग तिने रेवाचं बोट धरलं आणि आम्ही वर आलो. लिफ्टमध्ये रेवाने विचारलं, "मम्मी, व्हाय आर यू अँग्री?" एरवी आई म्हणाली असती, मराठीत विचार. त्या दिवशी तिने खाली वाकून उत्तर दिलं, "आय ॲम नॉट अँग्री. आय ॲम टायर्ड."

त्या दिवसापासून आई रेवाशी मराठीत बोलली नाही. रडारड नाही, अबोला नाही, बाबांचा चहा वेळेवर, मोदक वेळेवर. पण रेवाशी इंग्रजी. आणि आईचं इंग्रजी पुस्तकी होतं, भूतकाळ तपासून बोलायची. त्यात तिला विनोद करता यायचा नाही, टोमणा मारता यायचा नाही, लाडही धड करता यायचे नाहीत. माझ्याशी भांडणारी, मला म्हणींनी सोलून काढणारी जी बाई होती ती रेवाला कधी भेटलीच नाही. रेवाला मिळाली ती एक सभ्य, हळू बोलणारी, जरा दूरची आई. हळूहळू बाबा आणि मीही तिच्याशी इंग्रजीतच बोलायला लागलो, आणि होती तेवढी मराठीही ती विसरून गेली. मी एकदा तिला म्हटलं, "का करतेस असं? तिचा काय दोष?" ती म्हणाली, "बहुमत झालंय ना." मला तेव्हा ती कठोर वाटली होती. आजही वाटते. सूड घ्यायचा तर बाबांवर घ्यायचा होता, तो लागला रेवाला, आणि तिला स्वतःला.

नाटक छान झालं, हेही सांगून टाकते. काकांना वन्स मोअर मिळाला. पुढच्या वर्षी शाळेचं कोणी बघितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी काका आणि बाबा फुटले, कशावरून ते आता दोघांनाही आठवत नसेल. मंडळ विरघळून गेलं. इतिहासाच्या पेपरात मला फार चांगले मार्क मिळाले. बाबांनी तो निकाल फ्रेम करून लावला होता.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. शरीर सावरलं थोडंफार, पण इंग्रजी गेलं. सगळं, मुळापासून. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. मराठी राहिली, आणि ती काय वाहायची, जणू इतकी वर्षं तुंबलेली. रेवा बॉस्टनहून धावत आली. पलंगाशी बसली आणि आईने तिचा हात धरला आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. थांबून, धाप लागून, पुन्हा. रेवा तिच्या तोंडाकडे बघत होती, ओठांकडे, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं आहे. शेवटी तिने मान वळवून विचारलं, "बाबा, व्हॉट इज शी सेइंग?"

बाबा खुर्चीत बसले होते. आता ऐंशी ओलांडली आहे त्यांनी. म्हणाले, "शी इज सेइंग शी इज व्हेरी हॅपी दॅट यू केम."

"आय ॲम हॅपी टू, मम्मी," रेवा म्हणाली आणि तिने आईच्या कपाळाची पापी घेतली. आईने डोळे मिटून घेतले.

मी रेवाला बाल्कनीत नेलं आणि सांगितलं की बाबांनी खोटं सांगितलं. मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, तसं नको, तिने जसं म्हटलं तसंच सांग, तिच्या शब्दांत. म्हणून मी सांगितलं, एकेक शब्द सुटा करून: "तुझ्याशी मी जन्मभर परक्या बाईसारखी बोलले गं. तुझी आई कशी होती, ते तुला ठाऊकच नाही." रेवा डोळे मोठे करून ऐकत होती. मी थांबल्यावर तिने ते मनात फिरवून बघितलं, आणि मग हळूच, विचारल्यासारखं, त्यातला तिला कळलेला एकुलता एक शब्द म्हटला. "आई?"